झडपांचा मुहूर्त

पूर्वी आपल्याकडे लग्नकार्यात घटिकापात्र पाण्यावर सोडण्याची चाल होती. तळाशी बारीक छिद्र असलेली ती वाटी हळूहळू भरून बुडाली, की घटका पुरी झाली असे समजावयाचे आणि त्या गणिताने अंतरपाट दूर करण्याचा क्षण साधावयाचा. अंतरपाट काढणे हे काम पोरानेही करावे इतके सोपे. अवघड असे ती वेळ साधणे. मोटारीच्या एंजिनाच्या पोटातही असेच अंतरपाट असतात. त्यांना आपण झडपा म्हणतो. एक झडप उघडली की पेट्रोलमिश्रित हवा आत येते. दुसरी उघडली की जळलेला वायू बाहेर जातो. झडप उघडणे-मिटणे यात नवल काहीच नाही. नवल आहे ते त्या मुहूर्ताचे. एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. हा मुहूर्त सांभाळणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट, आणि जुन्या मोटारीवर प्रेम करणारा मनुष्य घरच्या अंगणात बसून तो दांडा बरोबर जागी बसवितो तेव्हा तो सुमारे तीनशे वर्षांच्या एका इतिहासाला हात लावीत असतो. त्या इतिहासाची ओळख करून घ्यावी, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

या इतिहासाच्या आरंभी मोटार नाही, खाण आहे. इंग्लंडमधील डार्टमथ गावचा लोखंडी सामानाचा व्यापारी थॉमस न्यूकोमेन याने १७१२ साली डडली गावाजवळच्या कोळशाच्या खाणीतील पाणी उपसण्यासाठी वाफेचे एंजिन उभे केले. सिलिंडरात वाफ सोडावयाची, मग थंड पाण्याचा फवारा मारून तिचे पाणी करावयाचे. आत पोकळी झाली की बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते आणि दुसऱ्या टोकाशी पंप वर येतो. हे मिनिटाला सुमारे बारा वेळा घडे. प्रत्येक वेळी वाफेची झडप केव्हा उघडावयाची आणि पाण्याची केव्हा, हे कोणी तरी ठरविले पाहिजे. या संबंधात हम्फ्री पॉटर नावाच्या मुलाची एक गोष्ट पुढे पुष्कळ सांगितली गेली. झडपा उघडमीट करण्याच्या कामाला तो कंटाळला, आणि त्याने तोट्यांना दोऱ्या बांधून त्या एंजिनाच्या हलत्या तुळईशी अशा जोडल्या, की एंजिन आपले काम आपणच करू लागले, अशी ती गोष्ट. इतिहासकार तिला फारसा आधार मानीत नाहीत. त्या एंजिनाच्या १७१९ च्या कोरीव चित्रातच तुळईला लटकणारा आणि खुंट्यांनी झडपा हलविणारा दांडा स्पष्ट दिसतो. परंतु गोष्ट टिकली याला कारण आहे. जे काम माणसाच्या अवधानावर चालत होते ते यंत्राच्या अंगात कसे शिरले, हे ती एका चित्रात सांगते.

अवधान धातूत उतरविण्याची ही युक्ती न्यूकोमेनहूनही कितीतरी जुनी आहे. फिरत्या दांड्यावर एका बाजूला उंचवटा ठेवावा, म्हणजे तो प्रत्येक फेऱ्यात एकदाच समोरच्या वस्तूला ढकलतो आणि सोडून देतो. चीनमध्ये पाण्याच्या चाकावर धान्य कांडणारे हातोडे शेकडो वर्षे असेच उचलले जात. अल् जझरी या कारागिराने १२०६ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात वाजंत्र्यांच्या बाहुल्यांचे वर्णन आहे. फिरत्या दांड्यावरील खुंट्या त्यांच्या हातांना गती देत. खुंटीची जागा बदला की ताल बदलला. या उंचवट्यालाच आज आपण कॅम म्हणतो. केव्हा, किती वेळ आणि किती उंच, या तीनही प्रश्नांची उत्तरे त्याच्या आकारात असतात. त्याला विचार करावा लागत नाही; विचार करणाऱ्याने तो आधीच करून ठेवलेला असतो.

मोटारीशी या युक्तीचे लग्न लागले ते जर्मनीत. कलोन शहराजवळच्या डॉइट्स येथे निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार धावांचे एंजिन यशस्वी केले. पहिल्या धावेत दट्ट्या खाली जातो आणि मिश्रण आत ओढले जाते. दुसरीत तो वर येऊन ते दाबतो. तिसरीत ठिणगीने किंवा ज्वाळेने स्फोट होऊन दट्ट्या जोराने खाली येतो. चौथीत तो वर येताना जळका वायू बाहेर घालवितो. चार धावांत क्रँकचा दांडा दोन फेरे घेतो, पण प्रत्येक झडप एकदाच उघडावयाची असते. म्हणून झडपांचा दांडा निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. क्रँकवरील चक्राला जितके दाते, त्याच्या बरोबर दुप्पट दाते कॅमच्या चक्राला. ऑटोच्या काळापासून चालत आलेला हा हिशेब पुढच्या प्रत्येक चार धावांच्या मोटारीने पाळला. या तत्त्वाचे वर्णन फ्रान्समधील बो द रोशा याने १८६२ सालीच छापून ठेवले होते. ते उजेडात आल्यावर १८८६ मध्ये जर्मनीत ऑटोचा हक्क रद्द झाला, आणि एका कारखान्याची मिरासदारी असलेली विद्या सर्वांना मोकळी झाली.

तरीही सुरुवातीच्या मोटारकारांनी दोन्ही झडपांवर कॅम बसविले नाहीत. डाइमलर आणि माइबाख यांच्या १८८५ च्या उभ्या एंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूची झडप यंत्राने उघडे. आत घेणारी झडप मात्र केवळ हलक्या स्प्रिंगवर टेकलेली असे. दट्ट्या खाली गेला, की त्याच्या ओढीनेच ती उघडावयाची. योजना स्वस्त आणि सुटसुटीत होती. पण ओढ पुरेशी निर्माण होईपर्यंत झडप हलत नसे, म्हणजे ती नेहमीच थोडी उशिरा उघडे. आणि वेग वाढला, की हलकी स्प्रिंग तिला वेळेवर मिटवू शकत नसे. निसर्गावर सोपविलेला मुहूर्त संथ यंत्राला चालला, वेगवान यंत्राला चालेना. माइबाखनेच आखलेल्या १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत दोन्ही प्रकारच्या झडपा कॅमच्या आज्ञेत आल्या, आणि पुढे हीच रीत सर्वत्र रूढ झाली.

येथून आपल्या विषयाला खरा आरंभ होतो. कारण झडपांची वेळ यंत्रात बांधली गेली, तशी ती चुकीची बांधली जाण्याचीही शक्यता निर्माण झाली. अमेरिकेत १९०८ साली आलेली फोर्डची ‘टी’ गाडी १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. ती घेणारे पुष्कळसे शेतकरी होते आणि जवळपास कारागीर मिळेलच असा भरवसा नव्हता. म्हणून कंपनीने मालकांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तिका दिली. तीत झडपांच्या वेळेविषयीही प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अंशांत नाही, इंचांत आहे. दट्ट्या वरच्या टोकाला पोचला, की बाहेरची झडप मिटावी. तो तेथून १/१६ इंच खाली आला, की आतली उघडावी. खालच्या टोकानंतर तो ९/१६ इंच वर आला, की ती मिटावी. आणि खालचे टोक ५/१६ इंच उरले असता बाहेरची उघडावी. याला महागडे उपकरण लागत नाही. सिलिंडरवरचे हेड उतरविले, की सुताराच्या पट्टीनेही हे अंतर मोजता येते. दोन चक्रे जुळविताना लहान चक्राचा दात मोठ्या चक्रावरील शून्याच्या खुणेशी बसवावयाचा, हेही तेथेच सांगितलेले आहे. कारखान्याच्या आतली विद्या शेतकऱ्याच्या कोठारापर्यंत पोचली ती अशी.

फोर्डच्या त्या आकड्यांत एक गोष्ट लक्षात येते. बाहेरची झडप मिटल्यावरच आतली उघडते. दोन्ही एकाच वेळी उघड्या नसतात. पुढच्या संशोधकांना उमगले, की हवेलाही वजन आणि वेग आहे. धावत सुटलेली हवा दट्ट्या थांबला म्हणून थांबत नाही. तेव्हा आतली झडप दट्ट्या वर पोचण्याआधीच उघडू लागावी आणि तो खालून परतल्यावरही काही काळ उघडी राहावी, म्हणजे मागून येणारी हवा स्वतःच्या वेगानेच आत कोंबली जाते. शर्यतीच्या गाड्यांनी हा विचार फार पुढे नेला. १९१२ साली दिएप येथील फ्रेंच शर्यत जिंकणाऱ्या प्यूजो गाडीच्या एंजिनात दोन कॅमचे दांडे सिलिंडरांच्या डोक्यावर होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार झडपा होत्या. साध्या घरगुती गाडीत मात्र वेळापत्रक बेताचेच राहिले. समजा, आतली झडप वरच्या टोकापूर्वी ५ अंशांवर उघडते आणि खालच्या टोकानंतर ४५ अंशांवर मिटते. म्हणजे ती एकूण २३० अंश उघडी राहिली. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात हा काळ एका सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग होतो. एवढ्याशा वेळात सिलिंडर हवेने भरला पाहिजे!

भारतीय रस्त्यांवर ज्या गाड्यांनी दोन-तीन पिढ्या वाहिल्या, त्यांच्यातही याच परंपरेची एंजिने होती. बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होणाऱ्या अॅम्बॅसडरला १९५९ पासून पुष्कळ वर्षे १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन होते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि पुढे पद्मिनी यांचे एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. दोन्हींत कॅमचा दांडा एंजिनाच्या कुशीत असे, क्रँकवरून साखळीने फिरे आणि पुशरॉडच्या काठ्यांनी वरच्या झडपा हलवी. गराजमधील मिस्त्री त्या साखळीला टायमिंग चेन म्हणत. वीस वर्षांच्या मुदतीमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. पण हौशी लोकांच्या घरी अशा गाड्या अजून जतन केलेल्या आढळतात. साखळी झिजून लांबली, की कॅम मागे रेंगाळू लागतो, गाडी चढावर दमते, आणि एके दिवशी पुढचे झाकण उघडावे लागते.

झाकण उघडले, की आत दोन चक्रे दिसतात आणि प्रत्येकावर एक बारीक ठिपका. हे दोन ठिपके म्हणजे कारखान्याने मालकाला लिहिलेले पत्रच होय. अॅम्बॅसडरच्या एंजिनात ते दोन दांड्यांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर एकमेकांसमोर आले पाहिजेत. एका दाताची चूक किती होते, पाहा. मोठ्या चक्राला ४० दाते असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. ज्या वेळापत्रकात ५ अंशांना महत्त्व, तेथे १८ अंशांची चूक झाली तर एंजिन सुरू झालेच तरी खोकत चालेल. आणि दाते अधिक चुकले, तर काही एंजिनांत उघडी झडप वर येणाऱ्या दट्ट्यावर आदळून वाकेल.

मात्र ठिपके जुळविण्यावरच काम संपत नाही. जुन्या यंत्रात ठिपकाही पडताळून पाहावा लागतो. त्यासाठी प्रथम दट्ट्याचे खरे वरचे टोक सापडले पाहिजे. हे वाटते तितके सोपे नाही. झोपाळा टोकाशी जाऊन क्षणभर स्थिरावतो, तसा दट्ट्याही वरच्या टोकाशी रेंगाळतो. क्रँक काही अंश फिरला तरी तो हलल्यासारखा दिसत नाही. यावर कारागिरांनी काढलेली तोड मोठी सुंदर आहे. स्पार्क प्लग काढून एंजिन हाताने फिरेल असे करावयाचे. क्रँकच्या टोकावर अंश कोरलेली तबकडी बसवावयाची आणि एंजिनाला तारेचा काटा बांधावयाचा. मग प्लगच्या भोकातून, किंवा हेड उतरविलेले असेल तर वर आडवी पट्टी बांधून, दट्ट्याला टोकाच्या थोडा अलीकडेच अडवावयाचे. एका बाजूने हळूच फिरवून दट्ट्या टेकला, की काट्याखालचा आकडा टिपावा. उलट फिरवून दुसऱ्या बाजूने टेकला, की पुन्हा टिपावा. एकीकडे २६ आणि दुसरीकडे २० अंश आले, तर एकूण ४६. त्याचे निम्मे २३. दोन्हीकडे २३ येतील असा काटा ३ अंशांनी सरकविला, की शून्य हेच खरे टोक. ज्याचा टोकबिंदू डोळ्यांना दिसत नाही, त्याच्या दोन बाजू मोजून मध्य काढावयाचा, एवढेच यातले तत्त्व. अडथळा मग आठवणीने काढून ठेवावा.

कॅमचाही मध्य असाच काढतात. पहिल्या सिलिंडरच्या आतल्या झडपेवर डायल गेज लावावयाचा. झडप पूर्ण उघडण्याच्या थोडी आधी आणि पूर्ण उघडल्यावर थोड्या वेळाने ती सारख्याच उंचीवर असते. ते दोन आकडे टिपून त्यांचा मध्य घेतला, की झडप सर्वाधिक उघडण्याचा क्षण कळतो. वर सांगितलेल्या वेळापत्रकात, कॅमच्या दोन्ही बाजू सारख्या असतील, तर तो वरच्या टोकानंतर ११० अंशांवर यावयास हवा. दोन-चार अंशांचा फरक असेल, तर चक्र आणि दांडा यांमधील चावी किंचित सरकत्या घडणीची घालून तो काढता येतो. आणखी एक खबरदारी अशी, की चार सिलिंडरांच्या एंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या एकदमच वर येतात, आणि प्रत्येक दट्ट्या चार धावांत दोनदा वर येतो. त्यांतली दाबाची वेळ कोणती? चौथ्या सिलिंडरची एक झडप मिटत आणि दुसरी उघडत असेल, तर पहिल्याची दाबाची वेळ आहे, असे अनुभवी मिस्त्री लगेच ओळखतो. शेवटी पान्याने एंजिन दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावे. वाटेत कोठे अडले, तर जोर करू नये. तो अडथळा म्हणजे झडपेची हाक असते. दोन फेऱ्यांनी ठिपके पुन्हा समोरासमोर आले, की साखळीचा ताण पाहून आणि टॅपेटच्या फटी फीलर गेजने मोजून झाकण लावावे.

याच कामाचे अधिक नाजूक रूप १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात दिसलेल्या जॅग्वारच्या ‘एक्सके’ एंजिनात आहे. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यावर आगीची राखण करीत जागविलेल्या रात्रींत विल्यम लायन्स आणि त्यांचे अभियंते हेन्स, हसन आणि बेली यांनी त्याची आखणी केली, असे त्याच्या इतिहासात नमूद आहे. दोन कॅमचे दांडे डोक्यावर, आणि झडपा दोन बाजूंनी तिरप्या. त्या उघड्या असताना एक दांडा स्वतंत्रपणे फिरविला, तर झडपांची डोकी एकमेकांवर आपटतात. म्हणून हेड जागेवर असता साखळी सोडून दांडा फिरवू नये, असा इशारा दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेला आहे. पण इशाऱ्याबरोबर उपायही दिला होता. दांड्यावर एक खाच आणि तीत बरोबर बसणारे एक मापाचे साधन. शिवाय चक्रात अतिशय बारीक दात्यांची तबकडी, जिच्यामुळे अगदी थोडक्या अंशांची दुरुस्तीही करता येई. १९९२ पर्यंत हे एंजिन निर्माण होत होते. इतके गुंतागुंतीचे यंत्रही आपल्या मालकाशी बोलण्यास तयार होते.

पुढे काळ बदलला. १९६१ साली जर्मनीतील ग्लास कंपनीने साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा दाखविला. तो स्वस्त आणि निःशब्द, पण मुदत संपण्याआधी बदलावा लागणारा. १९८० साली आल्फा रोमिओने आणि १९८९ साली होंडाने चालत्या गाडीतच झडपांची वेळ बदलण्याची सोय बाजारात आणली. संथ गतीला एक मुहूर्त, वेगाला दुसरा. त्यामुळे इंधनाची बचत झाली, धूर कमी झाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु वेळेचा हिशेब आता विजेच्या पेटीत गेला, आणि जेथे दोन ठिपके पुरत होते तेथे खास साधने आणि संगणक लागू लागले. विजेच्या गाडीत तर झडपही नाही आणि कॅमही नाही. तेथे हा सारा प्रश्नच मिटतो.

मग जुन्या गाडीपुढे गुडघे टेकून बसणाऱ्याच्या खटाटोपाला अर्थ काय? केवळ हौस म्हणून त्याच्याकडे पाहणे योग्य होणार नाही. यंत्र माणसाचे अवधान आपल्या अंगी घेते, तेव्हा माणूस मोकळा होतो हे खरे. पण ते अवधान कोठे ठेवले आहे आणि चुकले तर कसे दुरुस्त करावयाचे, हे जोवर सामान्य मनुष्याला कळते, तोवरच यंत्र त्याचे असते. फोर्डच्या पुस्तिकेतील चार आकडे, अॅम्बॅसडरच्या चक्रांवरील दोन ठिपके आणि जॅग्वारच्या दांड्यावरील खाच यांनी ही मालकी सुमारे शंभर वर्षे सामान्यांच्या हाती ठेवली. ती पुस्तके जुन्या बाजारांत मिळतात. ते ठिपके तेलाखाली झाकलेले असले तरी पुसलेले नाहीत. पण ते वाचणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत. त्यांच्या शेजारी एखादा तरुण बसून एकदा तरी क्रँकचे दोन फेरे हाताने फिरवील आणि झडप केव्हा हलते हे डोळ्यांनी पाहील, तर ही विद्या आणखी एक पिढी पुढे जाईल. त्यासाठी गाडी त्याच्या स्वतःच्या मालकीची असण्याचीही आवश्यकता नाही.